तांब्यावरच्या केसाएवढ्या रेघा

भाद्रपद सरत आला की आमच्या खाडीकाठचा पाऊस कंटाळतो. पडायचं म्हणून पडतो आणि थांबायचं म्हणून थांबतो. मीही आता तशीच झाले आहे. देवाची तांब्याची भांडी चार दिवसांत हिरवी पडतात, मी ती घासायला काढते, आणि ती पुन्हा हिरवी पडतात. शकू, माझी मुलगी, साठी ओलांडून बसली तरी मला शहाणपण शिकवते. "आये, स्टीलची घे मगे. कित्याक मरतंस?" म्हणते. तिचं खरं आहे. पण तांबं हातात घेतलं की मला एक जुना पावसाळा घासल्यासारखं वाटतं, आणि तो काही केल्या स्वच्छ होत नाही.

साठीच्या दशकातला तो पावसाळा. तेव्हा मी बहिरी होते.

बहिरी म्हणजे जन्माची नव्हे. मी सावंतवाडीची, चिताऱ्याची मुलगी. बाप लाकडी खेळणी रंगवायचा, गंजिफाच्या पत्त्यांची गोल पानं रंगवायचा, आणि खारीच्या केसांचा कुंचला धरायला त्याने मला अक्षरांच्या आधी शिकवलं होतं. लग्न होऊन मुंबईला गेले. हे तिथे रेडिओच्या कारखान्यात होते. शकू झाली आणि वर्षाच्या आत माझी छाती धरली. चौदा महिने खोकले. रोज एक सुई, रोज एक सुई. शेवटी डॉक्टर म्हणाले, बाई बरी झाली. बरी झालेच होते, पण सुयांनी कान नेले. कोणी माझ्या डाव्या कानाशी बोंबलला तर आतल्या आत काहीतरी आपटल्यासारखं व्हायचं, एवढंच. बाकी सगळं लोकांच्या ओठांवरून ओळखायचं. ओठांवर मिशा असतील तर तेही गेलं.

मला मुंबईची हवा नको म्हणून ह्यांनी नोकरी सोडली आणि आम्ही गावी आलो. पडवीत टेबल टाकून हे रेडिओ दुरुस्त करायला बसले. मालवणच्या बाजारातून, कुठून कुठून लोक मुके रेडिओ घेऊन यायचे आणि बोलते करून न्यायचे. मी समोर बसून तांदूळ निवडायची. घरात दिवसभर गाणी चाललेली, आणि मला त्यातली एक ओळ कळत नव्हती. त्याचं मला फारसं काही वाटायचं नाही. खोटं कशाला सांगू, दुःख वेगळंच होतं.

मी आजारी पडले तेव्हा शकू नुसती आऽऽ बाऽऽ करत होती. मी बरी होऊन तिला जवळ घेतलं तेव्हा ती घडाघडा बोलायला लागली होती. म्हणजे मी माझ्या मुलीचं एकही वाक्य ऐकलेलं नव्हतं. तिचा आवाज कसा आहे, जाड की बारीक, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा ती माझ्याशी बोलायची, मी "काय? काय?" करायची. मग ती पदर ओढायला लागली, बोटाने दाखवायला लागली. पाच वर्षांची झाली तोवर माझ्याशी बोलायचं तिने सोडूनच दिलं. पडलं तरी बाबा, भूक लागली तरी बाबा. मी जेवण वाढणारी बाई. पोरीची चूक नव्हती, पण मला ते लागायचं. मी चुलीशी रडायची आणि धूर लागला म्हणायची.

ह्यांनी ते पाहिलं असणार. वैशाखात एक दिवस ह्यांनी शकूच्या पाटीवर लिहिलं, "तुझ्यासाठी कानाचं यंत्र करतो." तसली यंत्रं विकत मिळायची, पण ती साहेबलोकांसाठी. हे म्हणाले, रेडिओ करणाऱ्याला कानाचं यंत्र काय जड? फक्त ते पोलक्यात मावायला हवं, म्हणजे साबणाच्या डबीएवढं. तेवढ्या जागेत तारा जोडत बसलं तर तारांचाच गुंता होईल. तेव्हा तारांऐवजी तांब्याच्या रेघा.

हे प्रकरण मला समजवायला त्यांना दोन दिवस लागले. कारखान्यातला त्यांचा जुना सोबती पाटकर याने एक पार्सल पाठवलं, ते कणकवलीहून एस्टीने आलं. त्यात विटकरी रंगाची, पातळ, पुठ्ठ्यासारखी कडक फळी होती. हातभर लांब असेल म्हणून मी सोडवली, तर निघाली दोन तळव्यांएवढी. तिच्या एका बाजूला तांब्याचा कागद चिकटवलेला. त्या तांब्यावर काळ्या रंगाने रेघा काढायच्या आणि फळी एका औषधात बुडवायची. उघडं तांबं औषध खाऊन टाकतं. काळ्याखालचं तेवढं राहतं, आणि मग त्याच रेघा तारांचं काम करतात. चिताऱ्याच्या मुलीला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. मी म्हटलं, रेघा मी काढणार.

आयुष्यात इतकी फुशारकी मी परत मारली नाही.

काळा रंग म्हणजे होडीच्या बुडाला लावायचं डांबर, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं. ते भागीने आणून दिलं. भागी आमची मासे विकणारी, घोव, म्हणजे नवरा, समुद्रावर आणि हिची जीभ किनाऱ्यावर. डांबर घरात कशाला हवं, हे तिला कळेना. "होडी खंय आसा गो तुझी?" एवढ्या मोठ्याने विचारलं तिने की मलासुद्धा कानात धक्का जाणवला. मी तिला फळी दाखवली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "ह्या घालून ऐकाक येता तर माज्या घोवाकय एक कर. कान आसान ऐकना नाय तो."

औषध वेगळंच होतं. छापखान्याचे ठसे करणाऱ्यांकडे ते असतं म्हणे. पिवळे, मळकट खडे, काचेच्या बरणीत. पावसाळ्यात बरणीचं बूच काढायचा अवकाश, खडे हवेतलं पाणी पिऊन आपोआप पाझरायला लागायचे. पाण्यात घातले की काढ्यासारखं तांबूस पिवळं पाणी. कपड्याला लागलं तर कपडा गेला. बोटाला लागलं तर आठ दिवस पिवळं. माझी दोन्ही लुगडी त्याने खाल्ली. भागीने माझे हात पाहिले आणि वाडीला ऐकू जाईल असं ओरडली, "गो बाय, परत हळद लागली काय तुका? घोवाक इचारलंस मा?" हे पडवीत हसत होते. हसणं ओठांवरून चांगलं वाचता येतं.

आषाढात मी पहिली फळी काढली. बापाचा जुना कुंचला होताच. फळीचा अर्ध्याहून मोठा तुकडा ह्यांनी कापून दिला, कागदावर नकाशा काढून दिला. कुठे रेघ, कुठे टिकली, कुठे वळण. दोन रेघांमध्ये जागा केसाएवढी. एकमेकींना चिकटल्या तर यंत्र मेलं, तुटल्या तरी मेलं. मी श्वास धरून रेघ ओढायची, ती संपली की श्वास सोडायची. बापाकडे दशावताराची पानं करताना हेच करत होते, पण तिथे चुकलं तर माशाचं शेपूट जरा वाकडं व्हायचं. इथे माझ्या मुलीचा आवाज होता. तीन दिवस लागले. त्यात डांबर सुकेना. हवा अशी ओली की कागदसुद्धा सादळलेल्या पापडासारखे मऊ पडलेले. शेवटी चुलीवरच्या फळीवर, सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, ठेवतो तिथे, ठेवून दिली. सुकली खरी, पण कानाच्या यंत्राला सुंगटांचा वास लागला तो लागलाच.

मग ती चिनीमातीच्या बशीत औषधात घालून हलवत बसायचं. पाळणा हलवतात तसं, एका लयीत. थांबलं तर एकीकडचं तांबं जास्त खाल्लं जातं आणि दुसरीकडचं राहतं. फार वेळ ठेवलं तर औषध रेघांच्या खाली बाजूने शिरतं. वरून रेघ शाबूत दिसते आणि खालून पोखरलेली असते. हे बांबूच्या चिमट्याने फळी वर उचलायचे, उजेडाकडे धरून बघायचे, परत ठेवायचे. खांदे दुखून आले. कधी एकदा संपतं असं झालं. तिसऱ्या प्रहरी ह्यांनी फळी उचलली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. काळ्या रेघांमध्ये विटकरी पुठ्ठा दिसत होता. एकही रेघ तुटलेली नव्हती.

आणि मग मी माती खाल्ली.

ह्यांना बाजारात जायचं होतं. जाताना खुणेने सांगून गेले, "रॉकेलान पूस आनि ठेव." मी डांबर पुसलं. खालचं तांबं निघालं ते मळकट, तेलकट, डाग पडलेलं. आता तुम्हीच सांगा, आमच्याकडच्या बाईच्या हातात मळकं तांबं आलं तर ती काय करेल? सणाच्या आदल्या दिवशी ताम्हण काळं राहिलं तर आई पाठीत धपाटा घालायची. सासरी आल्यावर पहिलं काम दिलं ते तांब्याचा हंडा घासायचं, आणि सगळ्या बायका बघायला उभ्या होत्या. मी भिरंडाची, म्हणजे कोकमाची, दोन सोलं भिजवली, वर चिमूटभर मीठ घेतलं आणि अंगठ्याने अगदी हळू, रेघ उचकटणार नाही अशा बेताने फळी घासली. तांबं असं झळकलं म्हणता! विहिरीचं पाणी घातलं, पदराने टिपली. आमची विहीर खाडीला लागून, भरतीला पाणी जरा मचूळ व्हायचं. भांडीकुंडी त्याच पाण्यात धुवायची आमची रीत. मला काही चुकतंय असं स्वप्नातही आलं नाही. हे आले, बघून खूष झाले. मीही गप्प हसत राहिले. तांबं कशाने उजळलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कोळशावर लोखंड तापवून ह्यांनी एकेक पुर्जा कथिलाने चिकटवला. चार दिवस. पाटकरने पाठवलेले छोटे टोपीसारखे ट्रांझिस्टर, तीन पायांचे. रेडिओचा कर्णा जोडून पाहिलं आणि मला अंगठा वर करून दाखवला. चालतंय. आता फक्त कानात घालायचं बोंड मुंबईहून यायचं राहिलं होतं. ते चवथीच्या आत येईल आणि गणपतीच्या आदल्या दिवशी मी ऐकेन, असं ठरलं. बोंड यायला पंधरा दिवस लागले. ते पंधरा दिवस पाऊस नुसता कोसळत होता. यंत्र साबणाच्या डबीत फडताळात ठेवलेलं. मी रोज उघडून बघायची, रेघांची बाजू खाली असल्यामुळे वरून नुसते पुर्जे दिसायचे, आणि झाकण नीट लावून ठेवायची.

चवथीच्या आदल्या दिवशी शकूला नवीन परकर घातला. आईला काय सांगायचं ते तिने ह्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. ती समोर उभी राहिली, हात पाठीमागे. ह्यांनी बोंड कानात बसवलं, बटण फिरवलं. खरर्र असं काहीतरी झालं, तापलेल्या तव्यावर पाणी पडतं तसं. मग तेही थांबलं. शकूचे ओठ हलले. तिने सगळं म्हटलं, शेवटपर्यंत. मी नुसती बघत राहिले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं आणि गणपतीवर टांगायची माटवी बांधत होते तिकडे पळून गेली.

ह्यांनी डबी उघडली. फळी उलटी केली, तर हिरवं चढलं होतं. नुसतं भांड्यावर चढतं तसं नव्हे, रेघांच्या कडेकडेने, बुरशीसारखं. भिंगातून पाहिलं तर केसाएवढ्या रेघा जागोजागी खाऊन तुटलेल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी फळी तोंडाजवळ नेली आणि जिभेचं टोक लावून बघितलं.

"मीठ," त्यांचे ओठ म्हणाले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भिरंडान घासलंय," मी म्हटलं. "तांबा मळला म्हणान." माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तो किती मोठा निघाला की नुसता कुजबुजला, तेही कळलं नाही. ह्यांनी फळी खाली ठेवली आणि पाठ फिरवून परसातल्या मांगराकडे, गुरांच्या खोपटाकडे, निघून गेले. रागावले असतील. पण राग मला दिसू नये म्हणून गेले, असं मी धरून चालले. मला तर वाटत होतं, त्यांनी माझ्यासमोर उभं राहून चांगलं ओरडावं. निदान ओठ तरी वाचले असते.

पुढे पिकल्या वयात हे तो किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगायचे. "आमच्या हिणा यंत्राची सोलकढी केल्यान." सगळे हसायचे. मीही हसायची. पण त्या चवथीला मी मोदक केले ते कसे केले, देव जाणे. गूळ जास्त पडला की कमी, मला सांगता येणार नाही.

चवथ झाली, गौर गेली. मी ह्यांना म्हटलं, पुरे करा आता. मी थकले होते हो. एखाद्या गोष्टीची आशा धरायलाही अंगात बळ लागतं, ते माझ्यात नव्हतं. बहिरी तर बहिरी, पोरगी बापाची तर बापाची. तांदूळ निवडायला कान लागत नाहीत. ह्यांनी पाटी घेतली, लिहायला लागले आणि मग पुसून टाकलं. माझी हनुवटी धरली आणि तोंड समोर आणून हळूहळू म्हणाले, "तुका नको आसात. माका होया." त्यांचे गाल बसलेले दिसले मला तेव्हा. रात्रंदिवस त्या पुर्ज्यांत डोकं घालून बसतात, दुसरं काय होणार, असं मी म्हटलं मनात.

फळीचा उरलेला तुकडा पहिलीपेक्षा लहान होता. म्हणजे रेघा आणखी बारीक. मी कुंचल्याचे केस उपटून तीनच ठेवले. या वेळी घाई केली नाही. घाई करायला उत्साह लागतो. डांबर चार दिवस सुकू दिलं. औषध संपत आलं होतं, उरलं होतं ते कोमट करून वापरलं. डांबर पुसल्यावर तांबं मळकं निघालं, तसंच राहू दिलं. हात शिवशिवत होते, खोटं नाही सांगत. पागोळ्यांचं पाणी धरून ठेवलं होतं, ते उकळून निववून त्यात फळी तीनदा धुतली. ह्यांनी जुन्या फळीवरचे ट्रांझिस्टर एकेक सोडवून तिच्यावर चढवले. आणि मग मला सुचलं. बापाकडे खेळण्यांवर शेवटी लाखेचा हात द्यायचे, म्हणजे पोरांनी चोखलं तरी रंग जात नसे. मी सावंतवाडीला निरोप पाठवला. बापाने लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बाटलीतून पाठवली. काय करायची हे विचारलंसुद्धा नाही. मी ती फळीवर दोनदा फिरवली. हे बघत होते. मग त्यांनी बोटाने टेबलावर टिचकी मारली. शाबास म्हणायची त्यांची तीच रीत होती.

आश्विनातलं ऊन पडलं. घरापुढच्या खळ्यात चिखल सुकून भेगा पडायला लागल्या होत्या, शेतं पिवळी होत होती. या वेळी नवीन परकर नाही, घोकंपट्टी नाही. दुपारची जेवणं झाली होती. मी पायरीवर बसले होते, शकू तुळशीपाशी दगडगोट्यांची भांडी मांडून खेळत होती. हे आले, डबी माझ्या मांडीवर ठेवली, बोंड कानात बसवलं आणि बटण फिरवलं.

आधी सूंऽऽ असा आवाज. मग काहीतरी खळकन झालं, मी दचकले. माझ्याच बांगड्या होत्या. मग कावळा. कावळा इतका बेसूर ओरडतो हे मी विसरूनच गेले होते. मी रडायला लागले तर माझं नाक ओढल्याचं मलाच ऐकू आलं आणि हसू आलं. ह्यांनी तोंडावर बोट ठेवलं, गप्प बस म्हणून, आणि शकूकडे बघितलं.

शकू उठून जवळ आली. डबीकडे बघितलं, माझ्या कानाकडे बघितलं. आणि सवयीप्रमाणे मला नाही, बापाला विचारलं.

"बाबानू, आयेक ऐकाक येता?"

"होय गो."

"सगळा?"

"सगळा."

बारीक आवाज होता तिचा. जरासा नाकातला, माझ्या आईचा होता तसा. मी जाड असेल असं धरून चालले होते, काय माहीत का. ती विचार करत होती. मग म्हणाली,

"मगे आता तुमी खंय खोकतलास?"

पहिल्यांदा मी नुसता आवाज ऐकला. माझी शकू बोलते, केवढं सुंदर बोलते, एवढंच मनात होतं. ती काय म्हणाली ते मागाहून पोचलं. हे शकूकडे बघत होते, चोरी पकडल्यासारखे. "मांगरात जावन खोकलास तरी आयेक कळतला," ती त्यांना समजावत होती. तिला वाटत होतं, बाबांच्या ते लक्षात आलं नाही.

ह्यांचा हात डबीच्या बटणाकडे आला. मी मनगट धरलं. ते गरम होतं.

"कितके दिवस?" मी विचारलं.

"काय नाय गो. पावसाचा..." आणि पुढचं त्यांना बोलता आलं नाही. त्यांनी तोंडावर पंचा दाबला, वाकले. कानातल्या बोंडातून तो खोकला माझ्या डोक्यात शिरला. त्याची मला कोणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. चौदा महिने मी तोच खोकले होते, आणि चौदा महिने हे माझ्या उशाशी बसून होते.

इतका राग आला मला, आणि इतकीच माया आली. रोज माझ्या तोंडासमोर बसून जेवणारा माणूस, आणि मला आंधळीला दिसू नये?

खोकला थांबला. डोळे पुसून ते म्हणाले, "बंद कर ता बटण."

"करूचंय नाय," मी म्हटलं. "उद्या सकाळच्या गाडयेन आपण डॉक्टराकडे जातलो. आनि तवसर मांगरात पाय टाकूचो नाय. खोकाचा तर माज्यासमोर खोका."